गडचिरोलीच्या नद्यांवर इंजिन येण्याआधी

सूरजागडला समुद्र नाही, पण सूरजागडच्या डोंगरावर पडलेला पाऊस समुद्रालाच जाऊन मिळतो. एटापल्ली तालुक्यातले ओढे-नाले बांडिया नदीत उतरतात, बांडिया इंद्रावतीला मिळते आणि ओडिशातल्या कालाहांडीतून निघालेली इंद्रावती सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीत शिरते. पुढे तेलंगणा, मग पापिकोंडलूच्या डोंगरांमधली अरुंद वाट, मग धवळेश्वरमचा बंधारा. तिथून खाली गोदावरी फाटते आणि तिची गौतमी ही शाखा काकीनाड्याजवळच्या कोरिंगा अभयारण्यातल्या कांदळवनाला गोडे पाणी आणि गाळ पुरवते. १९७८मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. मासे पकडून खाणारे रानमांजर तिथे राहते, पाणमांजरांचे कळप राहतात, जवळच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि काकीनाड्याच्या चिखलपट्ट्यांवर पाणचिरा हा लांब लाल चोचीचा दुर्मीळ पक्षी हिवाळा काढतो. गडचिरोलीच्या माणसाला आपला समुद्रकिनारा शोधायचा असेल, तर तो कोकणात नाही, कोरिंग्यात आहे.

डोंगरापासून खाडीपर्यंतच्या या सगळ्या वाटेवर एक गोष्ट सारखी आहे. इथले प्राणी-पक्षी पाण्याच्या काठाला धरून राहतात आणि त्यांना नीट पाहायचे तर पाण्यावरूनच पाहावे लागते. म्हणूनच कॅमेरा घेऊन छोट्या वल्हवत्या नावेत बसणाऱ्यांची संख्या जगभर वाढते आहे. कयाक त्यांची आवडती नाव. किनाऱ्यावर उभे राहून काढलेल्या फोटोत पक्षी वरून दिसतो, मागे चिखल किंवा पाणीच येते. कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो, त्यामुळे लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते, मागचा किनारा दूर धूसर होतो आणि पक्षी त्याच्या जगात दिसतो. वीतभर पाण्यातही ही नाव तरंगते. इंजिन नाही, धूर नाही, लाटा नाहीत.

पण ही नाव मुळात कोणी आणि कशासाठी बनवली, हे विसरून चालणार नाही. आर्क्टिक प्रदेशातल्या इनुइट लोकांनी लाकडाच्या आणि हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती घडवली, ती शिकारीसाठी. सीलला चाहूल न लागता त्याच्या जवळ पोहोचणे हेच तिचे काम होते. म्हणजे आवाज न करणारी नाव आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. मोटारबोटीचा आवाज दुरून येतो, प्राण्याला दूर सरकायला वेळ मिळतो. कयाक मात्र बेसावध प्राण्याच्या अगदी पुढ्यात उगवते. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात समुद्री ऊद, म्हणजे समुद्रातले पाणमांजर, आणि कयाकवाले यांची गाठ रोजच पडते. हा प्राणी गार पाण्यात राहतो, पण देवमाशासारखा चरबीचा थर त्याच्या अंगावर नसतो. ऊब टिकवायला त्याला दररोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा खावे लागते. विश्रांती मोडली, दचकून बुडी मारावी लागली, की तेवढी ऊर्जा वाया जाते. म्हणून तिथे कयाकवाल्यांना सांगितले जाते : ऊदापासून किमान पाच कयाक एकामागे एक लावाव्यात एवढे अंतर ठेवा. हा नियम समजायला फूटपट्टी लागत नाही. आपल्या नावेची लांबी प्रत्येकाला माहीत असते.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारा अनुभव भिगवणचा. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, कुंभारगाव आणि डिकसळच्या पाण्यावर, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून छायाचित्रकारांना त्यांच्याजवळ नेतात. धरणाच्या पाण्यावर जाळे टाकून जगणाऱ्या कुटुंबांना हिवाळ्यात दुसरे उत्पन्न मिळाले, पक्ष्यांची नावे गावातल्या पोरांच्या तोंडी आली, रोहित हा गावाचा पाहुणा झाला. ही मोठी कमाई आहे. पण याच पाण्यावर वाईट सवयही वाढली. चरत असलेल्या रोहितांचा फोटो पुष्कळांना पुरत नाही. त्यांना पंख पसरलेला, गुलाबी-काळा उडता थवा हवा असतो. ‘अजून थोडं जवळ घ्या,’ असे गिऱ्हाईक म्हणते, होडी पुढे सरकते आणि थवा उडतो. एकदा उडाला तर फारसे बिघडत नाही. पण दिवसभर एकामागून एक होड्या येत राहिल्या, तर ज्या उथळ पाण्यात हे पक्षी तासन्‌तास चोच बुडवून खातात, त्याच पाण्यातून त्यांना पुन्हा पुन्हा उठावे लागते.

यात नावाड्याला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. त्याची मजुरी, त्याचे बक्षीस, पुढच्या वेळचा फोन हे सगळे फोटो मिळाला की नाही यावर ठरते. जवळ गेल्याने पैसे वाढत असतील तर तो जवळ जाणारच. दोष त्या हिशोबाचा आहे. पाण्यावरच्या वन्यजीव पर्यटनाचे सगळे नियम या एका मुद्द्यावर येऊन थांबतात : नावाड्याला वेळेचे पैसे मिळायला हवेत, जवळिकीचे नव्हे.

कोकणात दोन्ही वाटा शेजारी-शेजारी दिसतात. तारकर्लीपासून हर्णैपर्यंत डॉल्फिन दाखवणाऱ्या मोटारबोटी आहेत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हम्पबॅक डॉल्फिन दिसला की चहूबाजूंनी बोटी त्याच्याकडे वळतात. श्वास घ्यायला वर येणाऱ्या प्राण्याच्या नेमक्या वर येण्याच्या जागी इंजिनांचा घेर पडतो. उलट, वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पाहुण्यांना कांदळवनातून फिरवतात. या मच्छीमार घरांतल्या बायका. तिवराची मुळे वर का येतात, मासळीची पिल्ले कांदळवनात का वाढतात, खंड्या कुठे बसतो, हे त्या वल्हवता वल्हवता सांगतात. वल्ह्याच्या वेगाने जाणाऱ्या नावेत पाहुणा आपोआप गप्प होतो, ऐकू लागतो. तिथे जनावर दिसण्याची हमी कोणी देत नाही आणि मागतही नाही. या दोन वाटांपैकी दुसरी धरायची, असे राज्याने ठरवायला हवे. अजून ते कुठे ठामपणे ठरलेले दिसत नाही.

कायदा मात्र पुरेसा स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. कलम २ (१६) मध्ये प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आमिष दाखवणे या गोष्टीही शिकारीत मोजल्या आहेत. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, त्यांना व्यत्यय आणणे हेही त्यात आहे. याचा अर्थ, डॉल्फिनमागे धावणारी बोट आणि वाळूवरच्या घरट्यात पाय टाकणारा छायाचित्रकार हे दोघेही या व्याख्येच्या उंबरठ्यावर उभे असतात. कॅमेरा हातात असल्याने कोणी निसर्गप्रेमी ठरत नाही.

गडचिरोलीच्या नद्यांचा विचार इथून सुरू व्हायला हवा. या जिल्ह्यात आता रस्ते होत आहेत, पूल होत आहेत, पोलाद येते आहे. अनेक वर्षे बाहेरचा माणूस ज्या भागात पाऊल टाकायला कचरत होता, तिथे पर्यटक येणार हे उघड आहे. वरच्या अंगाला, वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या जलाशयात, राज्य सरकारने जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. मोठ्या जलाशयात वेगवान बोटींना जागा असेलही. पण तोच नमुना उचलून चपराळा अभयारण्याखालच्या प्राणहितेत, भामरागडच्या संगमावर किंवा इंद्रावतीत आणला, तर नुकसान भरून येणार नाही. कारण या नद्यांचे वन्यजीवन ज्या वाळूवर उभे आहे, ती वाळू उन्हाळ्यातच उघडी पडते आणि पर्यटकही त्याच महिन्यांत येऊ शकतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो. तेव्हा नावेतून फिरायला कोण जाणार?

या वाळूवर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पाणी ओसरले की पात्रात बेटे उघडी पडतात. नदी सुरय, नदी टिटवी, आर्ली, कंठेरी चिखल्या हे पक्षी तिथे अंडी घालतात. घरटे म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. चार पावलांवरूनही ती दिसत नाहीत. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात वाळू तापते, तेव्हा सुरय अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंड्यांना गारवाही देते. अशा वेळी नाव बेटाला लागली आणि आई-बाप वर उडून ओरडत घिरट्या घालू लागले, तर माणसाला वाटते पक्षी जवळून दिसताहेत, आणि खाली अंडी भाजत असतात. कावळा आणि घार या संधीची वाटच पाहत असतात. सुरय डोक्यावर झेपावू लागली की घरटे जवळ आहे हे ओळखून मागे फिरावे, एवढे तरी पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पाणमांजर मान ताणून उभे राहिले आणि फुसकारले, चरणारा थवा अन्न सोडून एकाच दिशेला चालू लागला, काठावरची कासवे एकापाठोपाठ पाण्यात घसरली : हे सगळे निरोप आहेत, आणि त्यांचा अर्थ एकच आहे, की नाव नको तितकी जवळ आली.

इंद्रावतीच्या काठाचे तर मोलच वेगळे. कमलापूर वनपरिक्षेत्रातले कोलामार्का २०१३मध्ये रानम्हशीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले, सुमारे १८० चौरस किलोमीटरचे. नदीपलीकडे छत्तीसगडचा इंद्रावती व्याघ्र प्रकल्प. रानम्हैस हा त्या राज्याचा राज्यप्राणी, आणि महाराष्ट्रात ती टिकून आहे ती याच कोपऱ्यात. पाण्याशिवाय न राहू शकणारे हे जनावर एखाद्या इंजिनाच्या धसक्याने काठ सोडून गेले, तर त्याला जायला दुसरा काठ फारसा उरलेला नाही.

या नद्यांवर नाव नवी नाही. ढिवरांच्या आणि माडियांच्या गावांत झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जाळे टाकायला, बाजाराला, पलीकडच्या गावातल्या सोयऱ्यांकडे जायला. नदीचा कोणता डोह किती खोल, कुठे खडक पाण्याखाली दडला आहे, मार्चात कोणते बेट आधी उघडे पडते, पाणमांजरांचे बीळ कोणत्या काठाला, हे त्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. डोंगा आणि कयाक यांची मांडणी जवळजवळ सारखीच : अरुंद, बुटकी, वल्ह्यावर चालणारी. पुढे कॅमेरेवाला, मागे वल्हे धरलेला नावाडी. प्रवाहाच्या वरच्या अंगाला जायचे, वल्हे थांबवायचे आणि पाण्याबरोबर तिरके वाहत यायचे. जनावराच्या अंगावर सरळ कधीच जायचे नाही. नाव डुलते म्हणून तिपाईचा उपयोग नसतो, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी ठेवून भागत नाही, आणि फार जड लेन्सपेक्षा हातात पेलणारी १००-४०० मिलिमीटरची लेन्सच बरी पडते. खाडीत खारे पाणी उडते, तिथे गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसावा लागतो. नदीत तो त्रास नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड चालणार नाही. जानेवारी २०२४मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या सहा महिला वैनगंगेत नाव उलटून बुडाल्या. त्या चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीत वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. या नद्यांवर नाव हा आधी पोटाचा प्रश्न आहे, छंद नंतर. पर्यटकासाठी लाइफ जॅकेट येणार असेल तर ते मिरची तोडायला जाणाऱ्या बाईसाठी आधी यायला हवे, आणि पर्यटनाच्या पैशातून पहिला खर्च तोच व्हायला हवा. शहरातला माणूस जॅकेट घालून बसला आणि वल्हवणारा उघडा, असे एकाही नावेत दिसता कामा नये.

जमिनीवरच्या पर्यटनाने काय शिकवले ते ताजे आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या दोन्ही बाजूंच्या रांगांत अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली. नियम तेव्हाही होते. अंतराचे, वेगाचे, थांबण्याचे. पण ताडोबा असो की उमरेड, वाघ दिसलाच पाहिजे या अपेक्षेवर सगळा व्यवसाय उभा राहिला आणि मग नियम मागे पडले. रस्त्यावर निदान गाडीला वाट ठरवून दिलेली असते. पाण्यावर ती नसते. चार मोटारबोटी चारही बाजूंनी येऊ शकतात.

म्हणून गडचिरोलीत नियम व्यवसायाच्या आधी यायला हवेत. प्राणहिता, इंद्रावती, बांडिया आणि पर्लकोटेच्या अभयारण्यालगतच्या व संगमांजवळच्या पात्रात पर्यटनासाठी इंजिन नकोच. घरट्यांच्या हंगामात वाळूच्या बेटांवर उतरण्यास बंदी असावी. नावांची परवानगी ग्रामसभेकडून यावी, आणि तिला कायद्याचा भक्कम आधार आहे. २००६चा वनहक्क कायदा मासळी आणि पाणवठ्यांवरचे सामूहिक हक्क मान्य करतो. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान पाणसाठ्यांचे व्यवस्थापन पंचायतींच्या हाती दिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः करून दाखवला, तोही याच जिल्ह्यात. जंगल सांभाळू शकणारी ग्रामसभा नदीवरच्या दहा-बारा डोंग्यांचा कारभार सांभाळू शकणार नाही, असे कोणी म्हणू नये. बाहेरच्या ठेकेदाराला घाट लिलावात देणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो घेतला तर ढिवर पोरगा आपल्याच नदीवर रोजंदारीचा हमाल होईल.

डोंगे ग्रामसभेच्या हाती राहण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो कदाचित सर्वांत मोठा. त्याच जागेवरून, त्याच हंगामात, वर्षानुवर्षे काढलेला फोटो म्हणजे पुरावा असतो. गोदावरीवरच्या मेडीगड्डाच्या ८५ दरवाजांच्या बंधाऱ्याचे उद्‌घाटन जून २०१९मध्ये झाले, सिरोंचा भागातल्या शेतांत फुगवट्याचे पाणी शिरले, ऑक्टोबर २०२३मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले आणि साठा सोडून द्यावा लागला. एवढ्या काळात गोदावरीच्या वाळूची किती बेटे बुडाली, किती पुन्हा वर आली, त्यांवर सुरय परत आली का, हे नावेतून काढलेल्या तारीखवार फोटोंनी दाखवता येते. सूरजागडच्या लोहखनिजासाठी सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा २००७मध्ये दिला गेला, खोदकाम २०१६मध्ये सुरू झाले, थांबले, २०२१पासून पुन्हा वेगाने चालू आहे. डोंगरातून येणारे पाणी लाल होते, शेतात गाळ बसतो, अशा तक्रारी परिसरातल्या गावांतून येत राहिल्या आहेत. त्यांवर वाद घालण्यापेक्षा बांडियाच्या ठरावीक जागांवरून दर महिन्याला फोटो घ्यावेत, सोबत पक्ष्यांची मोजणी ठेवावी आणि तो संच ग्रामसभेच्या दप्तरात राहावा. गावातल्या शिकलेल्या दोन मुलांना एक बरा कॅमेरा आणि एक डोंगा मिळाला तर हे काम उद्यापासून होऊ शकते. खाणीतून जिल्ह्याला जो खनिज निधी मिळतो, त्यातला अगदी लहान तुकडा या कामाला पुरेल.

जिल्हा प्रशासनाने आणि वनखात्याने पहिल्या मोटारबोटीला परवाना देण्याआधी हा प्रश्न नदीकाठच्या ग्रामसभांपुढे ठेवावा. वाचकांकडे मागणे त्याहून लहान आहे. भिगवणला, तारकर्लीला, कोरिंग्याला किंवा उद्या सोमनूरच्या संगमावर नावेत बसाल, तेव्हा काठ सोडण्याआधीच नावाड्याला सांगा की थवा उडवायचा नाही, इंजिन असेल तर दुरूनच बंद करायचे, आणि एकही फोटो मिळाला नाही तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील.